वय झालं म्हणून सोडू नका. आजी-आजोबांना तपासून घ्या

भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

आजी महिनाभर भजनाला गेलेली नाही. ताटातली भाकर अर्धी राहते. पहाटे तीनलाच उठून ओट्यावर बसते. विचारलं तर म्हणते, "काही नाही रे, छातीत धडधडतंय." मुलगा पुण्याला, लेक हैदराबादला, घरचे म्हणतात, वय झालं. कुणाला करणी-भानामतीची शंका येते आणि अंगारे-धुपारे सुरू होतात. त्यात महिने निघून जातात. म्हातारपणी नैराश्य अनेकदा भूक, झोप आणि अंगदुखीच्या तक्रारींतून दिसतं. ते उपचारांनी बरं होऊ शकतं.

म्हणून आधी एवढंच बघा : बदल कधीपासून आहे?

कालपर्यंत ठीक असलेलं माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागलं, घरच्यांना ओळखेना किंवा सारखं गुंगीत राहू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम किंवा साखर उतरणं, नवी सुरू केलेली गोळी, यांपैकी काहीही कारण असू शकतं. उशीर जिवावर बेततो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर नैराश्याची तपासणी करा. "आता जगून काय करायचं" हे शब्द कानावर आले, तर थेट विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका.

महिनोन्‌महिने विसर वाढत असेल, रोजची वाट चुकत असेल, पैशांचा हिशेब जमत नसेल, तर स्मृतिभ्रंशाची शक्यता तपासा. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडमुळेही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे. रक्त तपासल्याशिवाय शिक्का मारू नका.

तपासणीला जाताना रोज सोबत राहणारं माणूस बरोबर न्या. घरातल्या सगळ्या गोळ्या, चष्मा आणि कानाचं यंत्र घ्या. ऐकूच आलं नाही तर उत्तर कुठून येणार?

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. शाळेचं तोंड न पाहिलेली मराठी आजी कन्नडमधून विचारलेल्या तारखेला गप्प बसली, म्हणून तिची स्मरणशक्ती गेली असं होत नाही. तिला विचारा, येळवस होऊन किती दिवस झाले? यंदा तूर कुठल्या रानात आहे? बाजार कोणत्या वारी भरतो? डॉक्टरांना मराठी येत नसेल, तर दुभाष्या म्हणून बसा. मात्र तिची उत्तरं तुम्ही देऊ नका. आजाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणं हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. तो नम्रपणे, पण ठामपणे मागा.

सुरुवात तालुका रुग्णालयातून करा. पुढच्या तपासणीसाठी बीदरचं ब्रिम्स आणि कलबुर्गीचं जिम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. घरबसल्या सल्ला हवा असेल तर टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

आशाताईंनो, घरभेटीत म्हाताऱ्या माणसाशी दोन मिनिटं वेगळं बोला. भजनी मंडळींनो, जो नेहमीचा टाळकरी दिसेनासा झाला, त्याच्या घरी जा. परगावी असलेल्या मुलांनो, फोनवर "जेवलीस का?" एवढ्यावर थांबू नका; झोप लागते का, कुणाकडे जाणं-येणं होतं का, हेही विचारा. उत्तर खटकलं, तर सणाची वाट न पाहता या आठवड्यातच गावी या आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा.