उसन्या शस्त्रांची किंमत

१९९९ साली युक्रेनने रशियाशी एक व्यवहार केला. रशियाकडून घेतलेल्या नैसर्गिक वायूचे पैसे थकले होते आणि ते फेडण्यास तिजोरीत काही नव्हते. तेव्हा सुमारे साडेअठ्ठावीस कोटी डॉलरच्या थकबाकीपोटी युक्रेनने आठ टीयू-१६० आणि तीन टीयू-९५ ही लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने मॉस्कोच्या स्वाधीन केली. सोव्हिएत संघाच्या वाटणीत मिळालेला हा ठेवा होता. सोबत सुमारे ५७५ क्रूझ क्षेपणास्त्रेही गेली. कागदावरचा हिशेब चुकता झाला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. तेव्हापासून युक्रेनच्या शहरांवर आणि वीजकेंद्रांवर जी क्षेपणास्त्रे कोसळू लागली, त्यांतली अनेक याच जातीच्या विमानांतून सुटत होती. आपली तलवार शेजाऱ्याकडे गहाण टाकणाऱ्यास ती एक दिवस आपल्याच मानेवर आलेली पाहावी लागते, याचे इतके ढळढळीत उदाहरण आधुनिक इतिहासात क्वचितच सापडेल.

युक्रेनला जगाने केलेल्या लष्करी साह्याविषयी बरेच लिहिले गेले. कोणी ते लोकशाहीच्या रक्षणाचे पवित्र कार्य ठरवले, तर कोणी पाश्चात्त्यांनी रशियाविरुद्ध खेळलेला डाव. या दोन्ही टोकांच्या कोलाहलात मूळ प्रश्न बाजूला राहिला. जे राष्ट्र दुसऱ्याच्या शस्त्रांवर लढते, त्याच्या युद्धाचे निर्णय नेमके कोण घेते? स्वातंत्र्याची आणि सार्वभौमत्वाची चाड असलेल्या प्रत्येक देशाने विचारावा असा हा प्रश्न आहे. आपण तर तो अवश्य विचारला पाहिजे.

या कथेचा आरंभ १९९४ मध्ये शोधावा लागतो. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. ती अस्त्रे डागण्याची सूत्रे मॉस्कोकडे होती, हे खरे. त्यांचा सांभाळ करणे त्या काळच्या दरिद्री युक्रेनला पेलणारे नव्हते, हेही खरे. तरीही तो साठा राजकीय सौद्यातील मोठे बळ होते. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा व स्वातंत्र्याचा आदर करण्याचे लेखी आश्वासन दिले. १९९६ च्या मध्यापर्यंत अखेरचे अण्वस्त्र युक्रेनबाहेर गेले. त्या कागदातील शब्द ‘आश्वासन’ असा होता, ‘हमी’ असा नव्हता. मुत्सद्द्यांना हा भेद पुरता ठाऊक होता. सामान्य युक्रेनी माणसाला तो कळला २०१४ मध्ये, रशियाने क्रिमिया गिळंकृत केला तेव्हा. आश्वासन देणाऱ्यांपैकी एकाने आक्रमण केले होते आणि उरलेले दोघे निषेधाचे खलिते लिहीत होते.

त्या वर्षी युक्रेनचे तत्कालीन अध्यक्ष पेट्रो पोरोशेन्को अमेरिकन काँग्रेससमोर शस्त्रे मागण्यासाठी उभे राहिले. अमेरिकेने तोवर घोंगड्या आणि रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी पाठवल्या होत्या. या वस्तू महत्त्वाच्या आहेत, पण घोंगड्यांनी युद्ध जिंकता येत नाही, असे त्यांनी त्या सभागृहाला सुनावले. रणगाडे भेदणारी जॅव्हलिन क्षेपणास्त्रे युक्रेनला मिळाली ती २०१८ मध्ये. मधली चार वर्षे पूर्वेकडील डोन्बासमध्ये रक्त सांडतच होते.

२०२२ च्या प्रारंभी, आक्रमणाचे सावट दिसू लागले तेव्हा, जर्मनीने ५,००० शिरस्त्राणे देऊ केली. या दातृत्वाची जगभर थट्टा झाली. कीव्ह काही दिवसांत पडेल, असे अनेक लष्करी जाणकारांचे भाकीत होते. ते पडले नाही. राजधानीच्या वेशीवर रशियाच्या फौजांना रोखले ते प्रामुख्याने युक्रेनच्या स्वतःच्या सैनिकांनी आणि सोव्हिएत काळातील तोफखान्याने. अमेरिकी व ब्रिटिश रणगाडाभेदी अस्त्रे त्यांच्या साह्याला होती. देश उभा राहतो आहे, हे दिसल्यावरच साह्याचा ओघ वाढला. दोन दिवसांत जर्मनीने आपले जुने धोरण सोडून शस्त्रे देण्याचे जाहीर केले. एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीतील रामस्टाइन येथील अमेरिकी हवाई तळावर सुमारे चाळीस राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि पुढे हा गट पन्नासाच्या घरात गेला. जो स्वतःसाठी उभा राहतो, त्याच्याच पाठीशी जग उभे राहते. या युद्धाचा हा पहिला धडा होय, आणि तो युक्रेनने आपल्या रक्ताने लिहिला.

दुसरा धडा मात्र कटू आहे. साह्य आले, पण मापून आले आणि उशिरा आले. हिमार्स अग्निबाण जून २०२२ मध्ये, पेट्रियट ही हवाई संरक्षण प्रणाली एप्रिल २०२३ मध्ये पोहोचली. लेपर्ड आणि अब्राम्स रणगाडे देण्याचा निर्णय जानेवारी २०२३ मध्ये झाला, एफ-१६ विमाने ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल झाली. अमेरिकी क्षेपणास्त्रे रशियाच्या अंतर्भागात डागण्याची परवानगी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाली. प्रत्येक वेळी क्रम तोच होता. आधी ‘अशक्य’, मग ‘विचाराधीन’, मग ‘मर्यादित संख्येने’ आणि अखेर ‘अटींसह’. अण्वस्त्रधारी रशिया भडकेल, ही दात्यांची धास्ती निराधार नव्हती. पण दाता विचार करत असताना शत्रू स्वस्थ बसत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनने दक्षिणेत प्रतिचढाई केली, तोवर रशियाने तेथे सुरुंगांची आणि खंदकांची रांगेमागून रांग उभी केली होती. जे शस्त्र वेळेवर मिळाल्यास विजय देते, ते उशिरा मिळाल्यास केवळ पराभव लांबवते.

याला केवळ दात्यांचे मन कारण नव्हते, त्यांचे कारखानेही होते. युद्धापूर्वी अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे तोफगोळे महिन्याला जेमतेम १४,००० तयार होत. युक्रेनच्या आघाडीवर एवढे गोळे काही दिवसांतच संपत. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे देण्याचा संकल्प सोडला, प्रत्यक्षात तोवर निम्म्याच्या आसपास गोळे पोहोचले. शीतयुद्ध संपले म्हणजे युद्धच संपले, अशा समजुतीत ज्यांनी तीन दशके आपले दारूगोळ्याचे कारखाने मोडीत काढले, त्यांना मैत्री इच्छा असूनही निभावता आली नाही. पलीकडे रशियाने उत्तर कोरियाचे गोळे आणि पुढे सैनिकही आणले, इराणकडून ड्रोन घेतले. महासत्ता म्हणवणाऱ्यालाही शेवटी उसनवारी करावी लागली.

तिसरी गोष्ट राजकारणाची. अमेरिकी मदतीचा सुमारे ६१ अब्ज डॉलरचा प्रस्ताव २०२३ च्या शरद ऋतूपासून वॉशिंग्टनमधील पक्षीय भांडणात अडकला आणि एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झाला. दरम्यान दारूगोळ्याच्या टंचाईने गांजलेल्या युक्रेनी सैन्याला १७ फेब्रुवारी २०२४ रोजी अवदीव्का हे शहर सोडावे लागले. अवदीव्काच्या खंदकातील सैनिकाला अमेरिकेच्या सीमाप्रश्नाशी काय देणेघेणे होते? तरी त्याच्या वाट्याचे तोफगोळे त्याच वादात अडकून पडले होते. पुढे अमेरिकेत सत्तांतर झाले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष ट्रम्प आणि अध्यक्ष झेलेन्स्की यांची खडाजंगी साऱ्या जगाने पाहिली. काही दिवसांतच शस्त्रपुरवठा आणि गुप्तवार्तांची देवाणघेवाण थांबवण्यात आली. ११ मार्चला जेद्दा येथील बैठकीत युक्रेनने ३० दिवसांच्या युद्धविरामाची तयारी दर्शवल्यावर दोन्ही पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी जुलैपासून नवी रीत आली. शस्त्रे अमेरिकेची, पैसे युरोपचे आणि रक्त युक्रेनचे.

यासाठी अमेरिकेला दोष देत बसणे व्यर्थ आहे. २०२२ नंतरच्या तीन वर्षांत त्या देशाने सुमारे ६६ अब्ज डॉलरचे लष्करी साह्य दिले. डेन्मार्कसारख्या छोट्या देशाने आपला सारा तोफखाना देऊ केला. पोलंडने आपली भूमी या पुरवठ्याचा राजमार्ग बनवली. या ऋणाची जाणीव युक्रेनला असलीच पाहिजे, कारण हे साह्य नसते तर युक्रेनचा नकाशा आज अधिक आक्रसलेला असता. पण साह्य देणारे प्रत्येक राष्ट्र आपल्या मतदारांना, आपल्या तिजोरीला आणि आपल्या हिताला बांधलेले असते. ते तसे असणे हाच त्याचा राष्ट्रधर्म. तेव्हा परक्याच्या हिताचा आणि आपल्या हिताचा रस्ता जेथवर एक, तेथवरच त्याची सोबत. पुढची वाट एकट्यानेच चालायची असते.

ती वाट चालण्याचे सामर्थ्यही युक्रेनने दाखवले, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १४ एप्रिल २०२२ रोजी काळ्या समुद्रातील रशियन आरमाराची प्रमुख युद्धनौका ‘मॉस्क्वा’ बुडाली ती युक्रेनने स्वतः घडवलेल्या ‘नेपच्यून’ क्षेपणास्त्रांनी. ती नौकाही मूळ युक्रेनमधील मिकोलाईव्हच्या गोदीत बांधलेली होती. त्यानंतर स्वदेशी सागरी ड्रोनच्या बळावर, स्वतःचे नाव घेण्याजोगे आरमार नसताना, युक्रेनने रशियन आरमाराला पश्चिम काळ्या समुद्रातून मागे रेटले आणि ओडेसाहून धान्याची जहाजे पुन्हा सोडली. १ जून २०२५ रोजी मालवाहू ट्रकांत दडवून नेलेल्या ११७ ड्रोननी रशियाच्या पार आतल्या हवाई तळांवर हल्ला केला आणि बॉम्बफेकी विमाने जाळली. त्यांत टीयू-९५ होती, १९९९ साली वायूच्या बिलापोटी दिली होती त्याच जातीची. या ड्रोनांसाठी लागणारे बरेच सुटे भाग चीनमधून येतात, तेव्हा स्वावलंबन येथेही पुरते नाही, हे मान्य करावे लागेल. पण या हल्ल्यासाठी युक्रेनला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. उसने शस्त्र आणि स्वतःचे शस्त्र यांतला खरा भेद हाच आहे.

आता आपल्याविषयी. युक्रेनबद्दल भारतीय मनात एक सल आहे आणि तो अकारण नाही. नव्वदच्या दशकात याच देशाने पाकिस्तानला ३२० टी-८०यूडी रणगाडे विकले. उलट, १९७१ च्या कसोटीच्या काळात मॉस्को आपल्या पाठीशी उभे राहिले. ही कृतज्ञता भारतीयांनी विसरू नये. परंतु कृतज्ञता म्हणजे न्यायबुद्धी गहाण टाकणे नव्हे. ज्या देशाच्या उत्तर सीमेवर चीन आणि पश्चिम सीमेवर पाकिस्तान बळाच्या जोरावर रेषा बदलू पाहतात, त्या देशाला बळाने सीमा पुसण्याच्या कृत्याचे समर्थन कधीच परवडणारे नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांत तटस्थता पाळली, रशियाचे तेल घेतले, सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंद येथे पंतप्रधान मोदींनी हे युग युद्धाचे नाही असे पुतिन यांना समोरासमोर सांगितले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते कीव्हलाही गेले. या समतोलावर टीका करणाऱ्यांनी आधी हे सांगावे की, आपली शस्त्रागारे दुसऱ्याच्या सुट्या भागांवर चालत असताना यापेक्षा मोकळा आवाज कोठून आणायचा?

खरे दुखणे येथेच आहे. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने शस्त्रपुरवठा बंद केला, तो अनुभव एक पिढी विसरली नव्हती. तरी आपण एका दारावरून उठून दुसऱ्या दारावर जाऊन बसलो. २००९ ते २०१३ या काळात आपल्या शस्त्र-आयातीतील सुमारे तीनचतुर्थांश वाटा रशियाचा होता. २०१९ ते २०२३ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब. पण एस-४०० प्रणालीच्या ज्या पाच तुकड्यांचा करार २०१८ मध्ये झाला, त्यांपैकी तीन मिळाल्यावर उरलेल्या दोन याच युद्धामुळे रखडल्या. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस तुशील’ची बांधणी रशियात झाली, तिची गॅस टर्बाइन इंजिने मात्र युक्रेनची. २०१४ नंतर युक्रेन ती रशियाला विकेना, म्हणून भारताने स्वतः खरेदी करून ती रशियाच्या गोदीत पोहोचवली. परस्परांशी लढणाऱ्या दोन देशांच्या मर्जीवर ज्याची नौका अवलंबून, त्याने आपल्या परावलंबनाचे आणखी पुरावे शोधण्याची गरज नाही.

मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये ‘ब्रह्मोस’ आणि ‘आकाश’ यांनी आशेचा किरण दाखवला. त्या यशाने छाती फुगणे स्वाभाविक आहे. पण लढाऊ विमानाचे इंजिन अजून आपल्याला परक्याकडूनच आणावे लागते, हेही त्याच श्वासात आठवले पाहिजे. चार दिवसांचा संघर्ष साठ्यावर निभावता येतो. चार वर्षांचे युद्ध कारखान्यांवर लढावे लागते. दारूगोळ्याचा कारखाना घोषणेने उभा राहत नाही. त्यासाठी दहा-वीस वर्षे चिकाटीने पैसा, अभियंते आणि पोलाद ओतावे लागते, तेही शांततेच्या काळात, जेव्हा त्याची गरज कोणालाच दिसत नाही.

युक्रेनच्या जनतेने अपार शौर्य दाखवले. तिला साह्य करणाऱ्यांनीही, आपापल्या मर्यादेत, बरेच केले. तरीही त्या राष्ट्राने किती लढायचे, कोठवर मारा करायचा आणि कोणत्या अटींवर थांबायचे, याची चर्चा वारंवार कीव्हबाहेरच्या दालनांत होत राहिली. मित्र जोडावेत, त्यांचे साह्य घ्यावे, त्याची जाण ठेवावी. पण आपल्या रक्षणाचा मुख्य भार आपल्याच भट्टीत घडलेल्या शस्त्रांवर असावा. शांततेच्या काळात जे राष्ट्र हा खर्च टाळते, त्याला युद्धाच्या काळात तोच खर्च आपल्या भूमीने आणि आपल्या मुलांनी चुकवावा लागतो. युक्रेनने ती किंमत मोजली. आपण हा धडा दुसऱ्याच्या अनुभवातून शिकणार की स्वतःच्या, एवढाच प्रश्न आहे.