दीपनगरच्या छातीचा फोटो यंत्र वाचणार असेल तर

७ डिसेंबर २०२४ रोजी देशातल्या ३४७ जिल्ह्यांत क्षयरोगाविरुद्धची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. हातात धरून नेता येईल असे एक्स-रे यंत्र आणि छातीचा फोटो वाचणारा संगणक ही जोडी तेव्हापासून सरकारी आरोग्यसेवेत रुजू लागली आहे. खान्देशातल्या गावागावांत ती पोहोचावी असे मला मनापासून वाटते. मात्र भुसावळ तालुक्यातल्या दीपनगरात ती येईल तेव्हा तिला फक्त क्षय शोधायला सांगून चालणार नाही. १९६८ पासून इथल्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो आहे. ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत, त्यांच्या जोडीला ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला आहे. या परिसरातल्या माणसांच्या छातीत क्षयाबरोबर धुळीचा आजारही शोधला गेला पाहिजे. त्यासाठी जिल्हा आरोग्य विभाग, वीज केंद्राचे व्यवस्थापन, कामगार संघटना आणि आसपासच्या ग्रामपंचायती यांच्यापुढे हे मुद्दे ठेवतो.

१. यंत्र हवेच.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. फक्त लक्षणे विचारून थांबले असते, छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेले नाही, तरी फुप्फुसात जंतू आहेत, अशी ही माणसे. एक्स-रे काढणे सोपे झाले आहे, पण तो वाचणारा क्ष-किरणतज्ज्ञ तालुक्याच्या गावी बसलेला नसतो. फोटो निघतो आणि वाचला जाईपर्यंत दिवस जातात. तोवर माणूस कामावर परत गेलेला असतो, कधी दुसऱ्या जिल्ह्यातही. संगणक तोच फोटो मिनिटाच्या आत वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी अशा प्रणालींना मान्यता दिली. २०१६ साली मुंबईत सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली आज अनेक देशांत वापरली जाते. हे तंत्र आपल्या घरचे आहे, त्याला घाबरण्याचे कारण नाही.

२. यंत्र निदान करत नाही, आकडा देते. आणि त्या आकड्यावर रेघ माणूस ओढतो.

लाखो जुने एक्स-रे आणि त्यांवरची तज्ज्ञांची मते दाखवून प्रणालीला शिकवलेले असते. नवा फोटो दिला की ती शून्य ते एक किंवा शून्य ते शंभर असा गुण देते. कोणत्या गुणाच्या वर ‘संशयित’ म्हणायचे, हे कार्यक्रम चालवणारे ठरवतात. रेघ खाली ओढली तर रुग्ण कमी निसटतात, पण निरोगी माणसांची धावपळ वाढते. वर ओढली तर उलट.

हिशोब करून पाहू. वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार प्रौढांमध्ये हजारी सुमारे तीन जणांना फुप्फुसाचा क्षय होता. अशा पहिल्या चाळणीकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी आहे की तिने शंभर रुग्णांतले नव्वद पकडावेत आणि शंभर निरोगी माणसांतल्या सत्तरांना बरोबर बाजूला काढावे. या मापाने हजार जणांचे एक्स-रे काढले तर तिघे रुग्ण बहुधा सापडतील, पण सोबत जवळपास तीनशे निरोगी माणसेही ‘संशयित’ ठरतील. या तीनशेंची थुंकी तपासायची सोय त्याच आठवड्यात नसेल, तर शिबिराने तीनशे घरांत फक्त भीती पेरली असे होईल. सोय करणे अशक्य मुळीच नाही. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही बसते. म्हणून एक्स-रेची गाडी आणि थुंकी तपासणी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी असावी. ‘नंतर भुसावळला या’ या वाक्यावर रोजंदारीचा माणूस गळतो, कारण त्याची एक दिवसाची मजुरी बुडते.

३. दीपनगरची छाती वेगळी आहे.

माझा मुख्य आग्रह हाच. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे तीन गाड्या कोळसा जाळला की एक गाडी, कधी त्याहून जास्त, राख म्हणून मागे उरते. या राखेत मोठा वाटा सिलिकाचा असतो आणि त्यातला काही भाग स्फटिकरूप क्वार्ट्झचा. त्याचे अतिबारीक कण श्वासाबरोबर खोल जातात, फुप्फुसात गाठी धरतात आणि फुप्फुस हळूहळू निबर होते. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर उपाय नाही, धुळीपासून माणसाला लवकर दूर करणे एवढेच हातात असते. कोल हँडलिंगमधला क्रशरवरचा माणूस, ओव्हरहॉलिंगच्या वेळी बॉयलरच्या आत उतरणारा, धुरातली राख पकडणाऱ्या ईएसपी यंत्रणेचे हॉपर मोकळे करणारा, बल्करमध्ये राख भरणारा, या सगळ्यांचा धुळीशी रोजचा संबंध असतो.

आता एक्स-रेकडे पाहू. सिलिकोसिसच्या गाठी बहुतेक वेळा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. क्षयाच्या खुणाही तिथेच. फक्त क्षयासाठी शिकवलेली प्रणाली असा फोटो पाहून वरचा गुण देईल. थुंकीत जंतू सापडणार नाहीत. मग दोनपैकी एक घडते. एक तर ‘यंत्र चुकले’ म्हणून माणसाला घरी पाठवले जाते, किंवा केवळ फोटोच्या भरवशावर सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात. दगडखाणींच्या पट्ट्यांत असे चुकीचे उपचार पुष्कळ झाले आहेत. दोन्ही वाटांनी खरा आजार नोंदीबाहेर राहतो आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत उभा राहतो. त्यातच सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे ‘हा की तो’ असा प्रश्नच अपुरा पडतो. दोन्ही एकत्र असू शकतात. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींत काम केलेल्यांच्या एक्स-रेवर अशा प्रणाली तपासल्या गेल्या, तेव्हा हीच अडचण समोर आली: बिघाड आहे हे संगणकाला कळत होते, तो क्षयाचा की धुळीचा हे वेगळे करणे त्याला जड जात होते.

म्हणून मागणी अशी. ज्याचा गुण रेघेच्या वर आहे पण थुंकीत जंतू नाहीत, अशा प्रत्येक कामगाराचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचता येणाऱ्या डॉक्टरकडे जावा. त्यासाठी हातातल्या यंत्राचा फोटो पुरत नसेल तर मोठ्या यंत्रावर पुन्हा काढावा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या छातीरोग, क्ष-किरण आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागांनी हे काम मिळून उचलावे. शिवाय शिबिरात नाव-वयाबरोबर ‘कुठल्या धुळीत, किती वर्षे’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण ही माहिती एक्स-रेच्या फोटोत नसते.

४. परगावचा गुण इथे चालेलच असे नाही.

२०१८ साली अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रणालीची तपासणी झाली. ज्या रुग्णालयांच्या फोटोंवर ती शिकली होती तिथे ती चांगली चालली, बाहेरच्या रुग्णालयात मात्र तिची अचूकता घसरली. फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे हे ती ओळखायला शिकली होती आणि त्यावरून अंदाज बांधत होती. म्हणूनच प्रणालीची रेघ स्थानिक लोकांच्या फोटोंवर पारखून ठरवावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. खान्देशातल्या काही शे एक्स-रेंवर, त्यांत धुळीत काम केलेल्यांचे पुरेसे घेऊन, आधी चाचणी करा आणि निकाल जाहीर करा.

५. निकाल आधी कामगाराच्या हातात, मराठीत, लेखी.

१९४८ च्या कारखाने कायद्याने वीजनिर्मिती हा धोकादायक प्रक्रियांचा उद्योग मानला, कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली आणि आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा हक्क कामगाराला दिला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस तर होताच, सिलिकोसिसमुळे जडलेल्या क्षयाचाही उल्लेख होता. हक्क कागदावर आले. अडतो तो पुरावा. सिलिकोसिस उमटायला बरेचदा दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तेवढ्यात कंत्राटी कामगाराचे चार ठेकेदार बदललेले असतात. कोणत्याही औद्योगिक वसाहतीत कंत्राटी माणसाची पहिली भीती गेटपासची असते: फोटोत काही निघाले तर उद्या आत घेतील का? ही भीती दूर केल्याशिवाय तो गाडीपाशी येणारच नाही. म्हणून नोंद आरोग्य विभागाकडे राहावी, ठेकेदाराला नाव कळू नये, आणि आजार निघालेल्याला कमी धुळीचे काम त्याच पगारावर मिळेल असे व्यवस्थापनाने आधीच लिहून द्यावे. राजस्थानने २०१९ साली स्वतंत्र धोरण आणून सिलिकोसिसचे निदान होताच रुग्णाला तीन लाख रुपये देण्याची तरतूद केली. महाराष्ट्रातही निदान आणि मदत अशी जोडली गेली पाहिजेत.

६. गेटबाहेरची माणसेही मोजा.

वेल्हाळ्याच्या ॲश पाँडकडून, म्हणजे केंद्राच्या राखेच्या तळ्याकडून, वारा सुटला की राख घरात येते. फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम इथल्या बायका, म्हातारी माणसे, बल्करचे चालक आणि क्लीनर हे कुठल्याही हजेरीपटावर नसतात. कामावरून निवृत्त झालेले तर कुणाच्याच यादीत नाहीत, आणि आजार बहुधा त्यांच्यातच जास्त सापडेल.

७. वेळ आणि जागा.

एप्रिल-मे मध्ये इथे पारा पंचेचाळीशी गाठतो. त्या दिवसांत भर दुपारी पत्र्याच्या शेडखाली शिबिर लावू नये. पाळी सुटल्यावर, संध्याकाळी, गावातल्या शाळेत लावावे.

ग्रामसभांनी येत्या बैठकीत ठराव करून आरोग्य विभागाला चार गोष्टी लेखी विचाराव्यात: प्रणाली कोणती आणि तिची रेघ किती गुणांवर, थुंकी तपासणी त्याच दिवशी होणार का, धुळीच्या आजारासाठी फोटो कोणता डॉक्टर वाचणार, आणि वर्षभराने गावनिहाय आकडे, नावे वगळून, ग्रामपंचायतीच्या फलकावर कोण लावणार.