रिकामा राहिलेला रकाना

संध्याकाळी परातीत भाकरीचं पीठ मळताना एकदम आठवलं, सकाळी घरी पाठवलेल्या बाळंतिणीचं बीपी मी घेतलंच नव्हतं. हात तसेच पिठात राहिले.

जालना जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात मी नोकरी करते. त्या दिवशी वॉर्डात २९ बाया आणि ड्युटीवर आम्ही दोघी. सर्वसाधारण रुग्णालयात ५ खाटांमागे १ परिचारिका असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं. साडेअकरा ते एक ही वेळ सुट्टी देण्याची. कार्ड लिहा, गोळ्या समजावून द्या, बाळाच्या लशीची नोंद करा. तोवर त्याच खाटेसाठी कळा येणारी दुसरी बाई दाराशी उभी असते. मंठा तालुक्यातली ही मुलगी, पहिलंच बाळंतपण, तिसरा दिवस. नेऊन सोडायला १०२ची गाडी फुकट मिळते, पण तिची वाट कोण बघणार? सासूबाईंनी काळीपिवळी ठरवलेली. खाली हॉर्न वाजत होता. ‘सिस्टर, जीपवाला थांबंना झालाय, सोडा आता.’ मुलगी जाता जाता म्हणाली, ‘डोकं जरा जड वाटतंय.’ मी म्हटलं, जागरण झालंय, घरी जाऊन झोप.

आदल्या संध्याकाळचं तिचं बीपी १३४/८६ होतं. गरोदरपणात ११०/७० असायचं. आकडा घाबरण्यासारखा नव्हता, पण चढता होता. बाळ झालं की बीपीचा धोका संपला, असं घरचे समजतात. खरं सांगायचं तर आम्हीही घाईत तसंच वागतो. प्रत्यक्षात बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास ते सर्वांत जास्त चढू शकतं, आणि झटके घरी गेल्यावरही येऊ शकतात. नेमक्या त्याच दिवसांत आपण बाईला गावी पाठवतो.

मी वॉर्डात फोन लावला. मैत्रीण म्हणाली, ‘रकाना रिकामाच आहे गं. १२०/८० टाकून देऊ का?’ तिच्या मनात पाप नव्हतं, मला वाचवायचं होतं. हा १२०/८० आमच्या व्यवसायातला फार सोयीचा आकडा आहे. कुठलाही केसपेपर उघडा, ओळीनं सगळ्या बायांना तोच. इतकी माणसं एकसारखी कशी असतील? १९०५ साली कोरोतकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरनं दंडावरच्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून रक्ताचे ठोके ऐकायची रीत सांगितली. न ऐकताच आकडा लिहायची रीत कुणी काढली कोण जाणे. खोटं कशाला बोलू, ‘टाक’ हा शब्द माझ्याही ओठांवर आला होता. पण आकडा भरला असता, तर पुढं तपासणारा माणूस त्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला असता. रिकामा रकाना निदान विचारतो तरी. मी म्हटलं, राहू दे तसाच. तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर दे.

केसपेपरवर नवऱ्याचा नंबर होता. तो ऊसतोडीला गेलेला, फोन बंद. आशाताई मात्र लगेच भेटल्या. रात्री साडेआठला त्या घरी जाऊन आल्या, डोकं अजून दुखतंय म्हणाल्या. बीपीचं यंत्र उपकेंद्रात, नर्सताईंकडे. ताई अर्ध्या तासात पोचल्या. १५२/१००. त्याच रात्री १०२नं तिला ग्रामीण रुग्णालयात आणलं, औषध सुरू झालं, चार दिवस ठेवलं. मायलेकरं सुखरूप आहेत.

दुसऱ्या दिवशी मी इन्चार्ज सिस्टरांना सगळं सांगितलं आणि केसपेपरवर ‘सुट्टीच्या वेळी बीपी घेतले नाही’ असं लिहून खाली सही केली. त्या रागावल्या, रागवायला हव्याच होत्या. पण त्या दिवसापासून कार्ड आधी लिहून ठेवायचं आणि बीपी घेतल्यावरच हातात द्यायचं, असं आम्ही ठरवलं. माणसं वाढली नाहीत, दोघीच आहोत. त्यामुळं सुट्टी व्हायला दुपारचे दोन वाजतात, नातेवाईक चिडतात.

परवा एक आजी फारच तणतणल्या. खाली जीपवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी सुनेच्या दंडाला पट्टा बांधत म्हटलं, ‘आजी, दोन मिनिटं. त्याला म्हणावं, वाजव.’