‘पीडीएफ केली’ म्हणजे जतन झाले काय?

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतून एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘त्याची पीडीएफ केली आहे.’ रौप्यमहोत्सवाची स्मरणिका असो, गायनमंडळाची हस्तलिखित वही असो की जुन्या सभांचे इतिवृत्त असो, हे वाक्य उच्चारले की विषय संपतो. पुढच्याच महिन्यात कपाट रिकामे होते आणि मूळ कागद रद्दीच्या दुकानी जातो. या समजुतीला माझा विरोध आहे. पीडीएफला माझा विरोध नाही. पीडीएफ या तीन अक्षरांपुढे विचार थांबवण्याला आहे.

विरोधाचे कारण अनुभवाचे आहे. काही महिन्यांपूर्वी एका जुन्या स्मरणिकेची पीडीएफ मला भ्रमणध्वनीवर मिळाली. तीत आजोबांचे नाव असल्याचे मला ठाऊक होते. शोधाच्या चौकटीत नाव घातले. उत्तर आले शून्य. डोळ्यांनी पाने चाळली, तर नाव पंचविसाव्या पानावर स्पष्ट छापलेले! तो परिच्छेद उचलून पत्रात चिकटवला, तेव्हा मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटला. पान होते, पण त्यातली भाषा हरवली होती.

असे का व्हावे? पेणच्या वाचकांना हे समजावणे सोपे आहे. मूर्तिशाळेत एका साच्यातून निघालेली मूर्ती मुंबईला जावो की परदेशी, तिचे रूप तेच राहते. पीडीएफचे मुख्य काम हेच. कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही छपाईत पान जसेच्या तसे दिसावे, या हेतूने अ‍ॅडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली ही कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये ती बाजारात आली. परंतु मूर्तीचे रूप सारखे असले तरी ती शाडूची की प्लास्टरची, हे वरच्या रंगावरून कळत नाही. पीडीएफचेही तसेच आहे. पानाचे रूप तेवढे दिसते, आत काय भरले आहे ते दिसत नाही.

एका प्रकारात आत केवळ छायाचित्र असते. भ्रमणध्वनीने टिपलेली पाने या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात जुन्या मराठी फाँटांचा मजकूर असतो. नव्वदच्या दशकात आपल्या नियतकालिकांची जुळणी पेजमेकरवर व्हायची. तेव्हाच्या अनेक फाँटांत देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. पडद्यावर ‘येशू’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे निरर्थक रोमन अक्षरे असतात. अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली अशा पानावर अडखळते किंवा मुकी होते. तिसऱ्या प्रकारात मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि अक्षराचे रूप व अक्षराची ओळख दोन्ही शाबूत राहतात. या तिन्हींना आपण सरसकट ‘पीडीएफ’ म्हणतो, आणि चूक इथेच होते.

मग पीडीएफ सोडून दुसरे काही घ्यावे काय? डेजाव्यू या स्वरूपाचे चाहते म्हणतील, ‘अवश्य!’ एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९९६ पासून घडलेले हे स्वरूप खरोखर हुशार आहे. पानावरची अक्षरे आणि मागचा कागद ते वेगळे करते, सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवते, आणि त्यामुळे फाइल अतिशय लहान होते. मंद गतीच्या जोडणीच्या काळात ते वरदान होते. पण इंटरनेट अर्काइव्हने २०१६ मध्ये नव्या डेजाव्यू फाइली बनवणे बंद केले, आणि सामान्य घरच्या भ्रमणध्वनीवर ती फाइल आपोआप उघडत नाही. जी फाइल रोह्यातल्या आजीबाईंना उघडता येत नाही, ती त्यांच्यापुरती नसल्यातच जमा.

सारखी अक्षरे एकदाच साठवण्याच्या युक्तीत धोकाही आहे. पीडीएफमध्येही वापरल्या जाणाऱ्या अशाच एका संकोचन पद्धतीमुळे झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून निघालेल्या प्रतींत ६ च्या जागी ८ उमटत असल्याचे डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१३ मध्ये दाखवून दिले. पान सुबक दिसत होते, फक्त आकडा खोटा होता. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत असा एक आकडा बदलला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या एक्सपीएस स्वरूपाची कथा तर बोधकथाच म्हणावी. मागे बलाढ्य कंपनी, २००९ मध्ये मिळालेली मानकाची मान्यता, आणि तरीही २०१८ पासून विंडोजच्या नव्या स्थापनेत ते उघडणारी आज्ञावली आपोआप मिळेनाशी झाली. मोठ्या कंपनीचा आधार म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे.

म्हणून माझे मत पीडीएफच्याच बाजूने आहे, पण अटीसह. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेला ‘पीडीएफ-ए’ हा प्रकार खास जतनासाठी आहे. त्यात सर्व फाँट फाइलीतच असावे लागतात, कुलूप घालता येत नाही, बाहेरच्या कशावर अवलंबून राहता येत नाही. २०११ च्या दुसऱ्या भागात ‘२-यू’ ही पातळी आली. तीत प्रत्येक अक्षराची युनिकोड ओळख अनिवार्य आहे. मराठीसाठी हीच पातळी मागावी. लिब्रेऑफिससारख्या विनामूल्य आज्ञावलीतही पीडीएफ-ए बनवण्याची सोय आहे. जुन्या पानांची मूळ चित्रे मात्र, काहीही न गाळता, टिफ स्वरूपात वेगळी ठेवावीत. खुद्द व्हॅटिकन ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांच्या दीर्घकालीन जतनासाठी खगोलशास्त्रज्ञांचे ‘फिट्स’ हे चित्रस्वरूप निवडले, यावरून काय ते समजावे.

‘पेण-रोह्याच्या मूठभर कुटुंबांना एवढा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारील. मी म्हणतो, मूठभर आहोत म्हणूनच! धाटावच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबाचा बाप्तिस्मा एका गावी, विवाह दुसऱ्या गावी आणि दफन तिसऱ्या गावी. आपली स्मृती एकाच कपाटात नाही. शिवाय कोकणचा पाऊस आहे; २००५ चा जुलै रायगडात कोण विसरेल? कागदही वाचवायचा आणि त्याची प्रतिमाही.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचा ५३५ वा नियम धर्मग्रामाला नोंदवह्या ठेवण्यास आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपण्यास सांगतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुढे दृढीकरण, विवाह यांचीही नोंद होते. म्हणजे ती वही जिवंत आहे. तिची पीडीएफ केवळ त्या दिवसाचे छायाचित्र. छायाचित्र मिळाले म्हणून माणसाला घराबाहेर काढायचे नसते. आणि लोकांची खाजगी माहिती असलेली ही पाने भ्रमणध्वनीच्या गटांवर फिरवायचीही नसतात.

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, पुन्हा १६४९ आणि १६५४ मध्ये छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. त्या काळचे सर्वांत आधुनिक तंत्र हरपले आणि अनेक घरांतली काळजी टिकली. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा आद्य धडा आहे.

तेव्हा धर्मग्राम मंडळांना माझी विनंती आहे. यापुढे कोणी ‘पीडीएफ केली’ असे सांगितले, तर तीन प्रश्न विचारा : नाव शोधले तर सापडते काय? मूळ चित्रे आणि दुसरी प्रत कुठे आहे? आणि कागद जागेवर आहे ना? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत रद्दीवाल्याला दारातूनच परत पाठवा. आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही काढणाऱ्या गृहस्थाचा दाखला प्रभूने दिला आहे. जुने टाकून देणाऱ्याच्या भांडारातून काढायचे तरी काय?