एकाच खांद्यावरचा पक्षी

पोपट आणि आपली घरे यांचे नाते फार जुने आहे. राघू-मैनेवाचून आजीच्या गोष्टी पुऱ्या होत नसत, आणि अर्थ न कळता धडा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही मास्तर मंडळी आजही 'पोपटपंची पुरे' असे बजावतो. 'शुकबहात्तरी'तील पोपटाने तर धनी देशांतराला गेला असता रात्रीमागून रात्र गोष्टी सांगून त्याचे घर सावरले. त्या शहाण्या पक्ष्याची निष्ठा साऱ्या घराशी होती. प्रत्यक्षातील पोपट बहुधा असा नसतो. तो घरातील एका माणसाला आपले मानतो आणि बाकीच्यांना परके.

बडोद्याच्या एका वाचक भगिनींनी आम्हांस हेच दुःख कळविले आहे. त्यांच्याकडे दोन वर्षांचा कॉकॅटिल नर आहे. थोरल्या लेकीच्या खांद्यावरून तो उतरत नाही. सासूबाई जवळ आल्या की फिस्कारतो. धाकट्या मुलाच्या बोटाचे त्याने रक्त काढले आहे. लेक येत्या जूनमध्ये शिक्षणासाठी पुण्यास जाणार. 'ती गेल्यावर हा अन्न सोडील की काय?' असा त्यांचा प्रश्न आहे. सासूबाईंचे म्हणणे, पक्षी कोणास तरी देऊन टाकावा. प्रश्न लहान दिसला तरी त्यात एका जिवाचे पुढचे आयुष्य गुंतले आहे. कॉकॅटिल नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपला हिरवा, लाल चोचीचा देशी पोपट, मग तो साधा राघू असो वा पहाडी, १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा होय. कॉकॅटिलचे तसे नाही. तो मूळचा ऑस्ट्रेलियातला आणि पिंजऱ्यातच पैदास होणारा पक्षी. आफ्रिकी करड्या पोपटासारख्या काही परदेशी जातींची मात्र, २०२२ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. हौस करणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावे.

आता कारणाकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवर कॉकॅटिल थव्याने हिंडतात. पण थव्यातही प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असतो. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात, चोचीने एकमेकांच्या डोक्यावरची पिसे विंचरतात. एकट्या पाळलेल्या पक्ष्याला असा जोडीदार नसतो. मग जो हात खाऊ देतो, जो आवाज दिवसभर ऐकू येतो, त्याच माणसाला तो आपला जोडीदार ठरवितो. तिसरे कोणी जवळ आले की त्याला हुसकावणे हे त्याच्या दृष्टीने कर्तव्यच. बडोद्याचा हा पक्षी आजींवर रुसलेला नाही की धाकट्याचा शत्रूही नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे संसार राखतो आहे. ही समजूत आपण नकळत वाढवितो. पाठीवरून आणि पंखांखालून हात फिरविणे ही पक्ष्याच्या भाषेत जोडीदाराची जवळीक होय. लाड करावयाचे ते डोके आणि मान एवढ्यापुरतेच करावेत. लेकीने तर हे आजपासूनच पाळावे.

याविषयी एक शास्त्रीय प्रयोग फार बोधप्रद आहे. डिटमार टोट या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७५ साली पोपटांना शिकविण्याची एक रीत प्रसिद्ध केली. पक्ष्यासमोर दोन माणसे बसत. एक विचारी, दुसरा उत्तर देई, आणि ते पाहून पक्षी शिके. परंतु विचारणारा आणि सांगणारा कायम तेच राहिल्यामुळे पक्षी त्या एकाच विचारणाऱ्याला उत्तर देत. अमेरिकेतील आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली अलेक्स नावाचा आफ्रिकी करडा पोपट आणला, तेव्हा त्यांनी या रीतीत एक बदल केला. दोघांनी मधूनमधून भूमिकांची अदलाबदल करावयाची. २००७ साली वारलेला तो अलेक्स निरनिराळ्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे. आम्हांस यात घराकरिता स्पष्ट धडा दिसतो. कामे एकाच हाताशी बांधली की पक्षीही त्याच हाताशी बांधला जातो.

तेव्हा पहिली गोष्ट कामांच्या वाटपाची. सकाळची दाण्याची वाटी आजींनी ठेवावी, पाणी धाकट्याने बदलावे, संध्याकाळी पिंजऱ्याचे दार वडिलांनी उघडावे, आणि आठवड्याने ही कामे आपसांत बदलावीत. लेकीने मात्र एकाएकी पाठ फिरवू नये. ती शिक्षा होईल. पक्ष्याचा सर्वांत आवडता खाऊ कोणता ते पाहावे. पुष्कळ कॉकॅटिलांना राळ्याचे कणीस प्रिय असते. तो खाऊ इतर वेळच्या वाटीतून काढून टाकावा आणि लेकीखेरीज इतरांच्याच हातून द्यावा.

दुसरी गोष्ट अंतराची. आजींनी पिंजऱ्यापासून चार-पाच हातांवर आपली पोथी किंवा निवडायची भाजी घेऊन बसावे. पक्ष्याकडे टक लावून पाहू नये. तो निवांत दिसला की वाटीत कणसाचा तुकडा टाकून परत बसावे. पुढे गजांतून, त्यापुढे तळहातावरून. तुरा डोक्याशी घट्ट चिकटवून तो फिस्कारू लागला तर एक पायरी मागे यावे. पिसे सैल सोडून चोच हलकेच कुरकुरवीत बसला तर तो समाधानात आहे असे समजावे. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे पुरेत. लेकीने आरंभी दुसऱ्या खोलीत असावे, मग त्याच खोलीत दूर, मग जवळ. शेवटी तिच्या बोटावरून पक्षी धाकट्याच्या बोटावर घ्यावा, तेथे खाऊ द्यावा, आणि तो अस्वस्थ होण्याच्या आत परत करावा.

तिसरी गोष्ट चाव्याची. चावला म्हणून ओरडू नये, चोचीवर टिचकी मारू नये. मुकाट्याने त्याला दांडीवर ठेवून दोन मिनिटे तेथून निघून जावे. आणि भावाला चावल्यावर बहिणीने हसू नये. तिच्या हसण्याइतके मोठे बक्षीस त्या पक्ष्याला दुसरे नाही.

पिंजरा माणसांच्या राबत्याच्या खोलीत, पण एक बाजू भिंतीशी लागेल असा ठेवावा, म्हणजे त्याला पाठ सुरक्षित वाटते. स्वयंपाकघरात तो कदापि नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी पाहता पाहता दगावतो. रात्री दहा-बारा तासांची अंधारी, शांत झोप मिळाली नाही तर तो अधिकच चावरा होतो.

समानतेविषयी एक शब्द. साऱ्यांशी सारखे म्हणजे एकसारखे, असा अर्थ कोणी घेऊ नये. कॉकॅटिल नर शीळ उत्तम उचलतो. ते धाकट्याचे खाते होवो. आजींच्या मांडीजवळ बसून स्तोत्र ऐकणे हे त्यांचे खाते. लेक त्याची लाडकी राहीलच. घरातील प्रत्येकाच्या हातून तो खातो का, प्रत्येकाच्या सांगण्यावर पिंजऱ्यात परततो का, प्रत्येकाजवळ निर्धास्त असतो का, एवढीच कसोटी लावावी. तो पिसे उपटू लागला किंवा दिवसभर दाणा शिवला नाही तर घरगुती उपायांत वेळ न घालविता पक्ष्यांच्या डॉक्टरास दाखवावे.

सरकारी शाळेत बदल्या अटळ असतात. एकाच गुरुजींच्या धाकात वा मायेत वाढलेला वर्ग त्यांच्या बदलीनंतर कसा सैरभैर होतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. ज्या वर्गाला चार शिक्षकांची सवय असते तो आठवड्यात सावरतो. लेकीची ही बदलीच समजावी. तिने जाण्याआधी एकदोनदा मावशीकडे दोन-तीन दिवस राहून यावे, म्हणजे ती जाते आणि परतही येते हे पक्ष्याला कळेल. जूनला अद्याप तीन महिने आहेत. भगिनींनी पक्षी देऊन टाकण्याचा विचार तूर्त बाजूस ठेवावा, आणि उद्या सकाळची दाण्याची वाटी सासूबाईंच्या हाती द्यावी.