लिग्निन : जळण कीं रसायन ?

नाशिक रोडच्या मुद्रणालयांत छापलेली नोट शेंकडों हातांतून फिरून मळते, क्वचित् फाटतेहि. परंतु उन्हांत पडलेल्या वर्तमानपत्राप्रमाणें ती चार दिवसांत पिवळी पडत नाहीं. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, वर्तमानपत्राचा बहुधा लांकडाच्या लगद्याचा. कापसांत जें जवळजवळ नसतेंच आणि लांकडांत शेंकडा १५ ते ३० असतें, तें द्रव्य म्हणजे लिग्निन. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं फ्लोरोग्लुसिनॉल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ह्यांच्या मिश्रणाचा थेंब वर्तमानपत्राच्या कपट्यावर टाकून पाहावा. कपटा लाल होतो; गाळणकागदावर तोच थेंब टाकिला असतां रंग उमटत नाहीं.

तंतूंस एकमेकांशीं जखडून झाडास ताठ उभें ठेवणें हें लिग्निनचें काम. सेल्युलोज ही साखरेच्या मण्यांची नीटस माळ आहे. लिग्निनमध्यें तशी शिस्त नाहीं. तें कार्बनच्या षट्कोनी कड्यांचें एक गुंतवळ आहे. परंतु हीं कडींच मोलाचीं ! फिनॉल आणि त्याच्या गोत्रांतील पदार्थ, ज्यांपासून औषधें, रंग, राळा व प्लॅस्टिकें होतात, ते आज मुख्यतः खनिज तेलापासून काढितात, आणि तें तेल आपला देश बहुतांशीं परदेशांतून विकत घेतो. वनस्पतींच्या अंगीं तींच कडीं आयतीं असतां कागदाचे कारखाने लांकडांतून निघालेलें बहुतेक लिग्निन आपल्या भट्ट्यांतच जाळतात.

ह्यांत कारखानदारांचा आळस आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कड्यांना जोडणारे ऑक्सिजनचे दुवे उष्णतेनें तुटतात हें खरें. पण तुटलेले तुकडे लागलीच पुन्हां एकमेकांस चिकटतात, आणि ह्या वेळीं कार्बन-कार्बनच्या अधिक बळकट बंधानें. हातीं येतें तें डांबर किंवा कोळसा. म्हणून असा उत्प्रेरक हवा कीं जो दुवा तोडील आणि तुकड्यांस पुन्हां जुळूं देणार नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. परेश ढेपे व त्यांचे सहकारी ह्यांनीं सुमारें २५० अंश सेल्सियस उष्णतेवर घन आम्ल-उत्प्रेरक वापरून लिग्निनचे असे तुकडे केले आहेत. द्रव आम्ल भांडें खातें व नंतर वेगळें करणें जिकिरीचें. घन उत्प्रेरक गाळून पुन्हां वापरतां येतो. नॉर्वेंतील बोरेगार्ड कारखाना तर १९६२ पासून लांकडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवीत आहे. आइस्क्रीमचा तो ओळखीचा सुवास कांहीं ठिकाणीं देवदारासारख्या झाडांतून आलेला असतो, हें आमच्या बालवाचकांस ठाऊक नसेल.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्या, उसाचें पाचट, सारेंच रसायनाच्या कारखान्यास द्या. येथें आमचें मत निराळें आहे. खरड छाटणीच्या काड्या वर्षांतून थोडे दिवस, शेतोशेतीं विखुरलेल्या व ओल्या मिळतात. गाडीभाड्यांतच त्यांचें मोल संपावयाचें. त्या बांधावर पेटविणें वाईटच, पण बारीक करून वेलींच्या ओळींत टाकणें हें शेतकऱ्याच्या अधिक हिताचें. पाचट सरींत पसरलें तर ओल राहते. बगॅसवर तर साखर कारखान्यांचे बॉयलर चालतात. तें काढून घेतल्यावर बॉयलरांत काय घालणार? दगडी कोळसा ?

आमच्या मतें जेथें लिग्निन आधींच वेगळें होऊन पडलें आहे, तेथूनच आरंभ करावा : कागदाचे कारखाने आणि काडापासून इथेनॉल करणारे नवे कारखाने, उदाहरणार्थ २०२२ सालीं पानिपत येथें सुरू झालेला. आपल्याच प्रांतीं, नागपूरनजीक मनसर येथें डिसेंबर २०२४ मध्यें लिग्निनमिश्रित डांबराच्या महामार्गाच्या तुकड्याचें उद्घाटन झालें. तेथें लिग्निनचें विघटन होत नाहीं, तें जसें असेल तसें डांबरांत मिसळतात. जाळण्यापेक्षां हें बरें, व्हॅनिलिनपेक्षां कमी मोलाचें. पण रस्त्यावरून आज गाड्या जातात, हें थोडें नव्हे.

पालकांस एक सांगावयाचें आहे. टाकाऊंतून सोनें काढण्याच्या जाहिराती आतां वारंवार येतील, आणि तुमच्या बागेपर्यंतहि येतील. पैसे देण्यापूर्वीं घरांतल्या रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलास किंवा मुलीस जवळ बसवून तीन गोष्टी विचारून घ्याव्या. शंभर किलो लिग्निनांतून शुद्ध पदार्थ किती किलो निघाला ? तोच उत्प्रेरक किती वेळां चालला ? आणि भांड्याच्या तळाशीं जें डांबर उरलें, त्याचें वजन केलें होतें काय ?