विश्लेषण : पोलादाला मॅग्नेशियम जोडणे इतके अवघड का?

गाडी हलकी झाली की इंधन वाचते, विजेवरच्या गाडीचा पल्ला वाढतो. मॅग्नेशियम तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या पाव वजनाचेही नसते. म्हणूनच पोलादी सांगाड्याला मॅग्नेशियम मिश्रधातूचे भाग जोडण्याची वाहन उद्योगाची धडपड आहे.

अडचण कुठे?

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. मॅग्नेशियम ६५० अंशांनाच वितळते आणि १०९० अंशांच्या आसपास उकळते. पोलाद वितळेपर्यंत त्याची वाफ झालेली असते! शिवाय वितळले तरी दोघे तेल-पाण्यासारखे अलगच राहतात. त्यामुळे मध्ये जस्त किंवा निकेलचा पातळ थर मध्यस्थ म्हणून द्यावा लागतो.

न वितळवता?

तेही जमते. केंब्रिजजवळच्या ‘टीडब्ल्यूआय’ संस्थेने १९९१ मध्ये शोधलेल्या ‘फ्रिक्शन स्टर वेल्डिंग’मध्ये फिरती पिन घर्षणाने धातू मऊ करून ढवळते. होंडाने २०१२ मध्ये अ‍ॅकॉर्डच्या सबफ्रेममध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम असेच जोडले.

मॅग्नेशियमचे दुखणे मात्र सांधा झाल्यावरही संपत नाही. खारट पाणी लागले की पोलादाला चिकटलेले मॅग्नेशियम आधी झिजते. जमिनीखालच्या पोलादी पाइपलाइनला गंजापासून वाचवण्यासाठी मॅग्नेशियमचे ठोकळे मुद्दाम जोडतात, ते याच गुणामुळे. गाडीत तोच दोष ठरतो.